अक्षरांपाशी अडणारी मुले : एक मागोवा

वाचता न येणे हा दोष ठरायचा, तर आधी सगळ्यांनी वाचलेच पाहिजे असा काळ यावा लागतो. पेशवाईतल्या एखाद्या गावी पंतोजींच्या शाळेत बसणारी मुले मोजक्या घरांतली असत : कुलकर्ण्यांची, भिक्षुकांची, वाण्या-सोनारांची. लिहिणे-वाचणे हा त्या घरांच्या धंद्याचा भाग होता. बाकीच्यांचे आयुष्य अक्षरांवाचून अडत नसे. शाळेतल्याच एखाद्या पोराला अक्षर लागेना, तर त्याची रवानगी शेतावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर होई. त्याला वाचता का येत नाही, याची चौकशी करावी असे कुणाला वाटत नसे. शिवाय व्यवहाराच्या मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, त्यामुळे वेलांट्या आणि उकार तपासून मुलाची हुशारी ठरवण्याची सोयही नव्हती. ही स्थिती हळूहळू पालटली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात तेच केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या विधेयकाने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्तीचा अधिकार मिळाला. आज आपण जिला डिस्लेक्सिया म्हणतो, ती अडचण त्याआधीही असणारच. ती नजरेत भरू लागली पटावर सगळ्यांची नावे चढल्यावर. आणि नजरेत भरल्यावर पहिल्यांदा तिला मिळालेले नाव होते ‘ढ’.

गंमत अशी, की या अडचणीचे निदान व्हायच्या कितीतरी आधी तिच्यावरचा उपाय आपल्याकडे वापरात होता, अर्थात वेगळ्याच कारणासाठी. पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरून मूल बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवी आणि गिरवताना ते मोठ्याने म्हणे. कागद महाग होता, म्हणून ही धूळपाटी. पण तिच्यामुळे एकच अक्षर डोळ्याला दिसे, कानाला ऐकू येई आणि बोटालाही कळे. ॲन्ड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथालयातल्या शाळेचा प्रमुख झाला. घोड्यावरून फिरायला गेला असताना एका देशी शाळेत मुले वाळूत बोटांनी अक्षरे काढताना त्याला दिसली आणि ती रीत त्याने आपल्या शाळेत आणली. १७९७ मध्ये त्याने या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. जोसेफ लँकेस्टरच्या लंडनमधल्या शाळेतही गरिबांची मुले वाळूने भरलेल्या टेबलांवर अक्षरे गिरवू लागली. इथल्या धुळीतली अक्षरे अशी समुद्रापार गेली. पुढे दगडी पाट्या स्वस्त झाल्या, वाळू मागे पडली आणि अक्षर बोटाने शिकायचे असते ही जाणीवही तिच्याबरोबर गेली.

आता आपण दुसऱ्या वाटेने, जर्मन डॉक्टरांच्या दवाखान्यांकडे वळू. १८७७ मध्ये स्ट्रासबर्गचे प्राध्यापक आडोल्फ कुसमाउल यांनी वाणीच्या विकारांवरच्या ग्रंथात ‘शब्दांधत्व’ ही कल्पना मांडली : दृष्टी शाबूत, बुद्धी शाबूत, बोलणेही शाबूत, पण छापलेला शब्द कळत नाही. दहा वर्षांनी, १८८७ मध्ये, श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी अशाच काही रुग्णांचे वर्णन करताना ‘डिस्लेक्सिया’ हे नाव वापरले. हे सगळे रुग्ण प्रौढ होते. आधी नीट वाचणारे आणि मेंदूच्या आजारानंतर वाचन गमावलेले. १८९२ मध्ये पॅरिसच्या ज्यूल देजेरीन यांनी अशाच एका सुशिक्षित व्यापाऱ्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला लिहिता येई, पण स्वतः लिहिलेले वाचता येत नसे. मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला, तेव्हा इजा डाव्या बाजूला सापडली. वाचनाचा मेंदूतल्या ठरावीक जागांशी संबंध आहे, हे अशा शवचिकित्सांतून ठरत गेले. लहान मुलाचा विचार मात्र अजून कुणाच्या मनात आला नव्हता.

तो आला १८९६ मध्ये, आणि तोही एका गावातल्या साध्या डॉक्टरच्या. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १८९५ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये शब्दांधत्वावर लेख लिहिला होता. तो वाचून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावी राहणाऱ्या विल्यम प्रिंगल मॉर्गन यांना आपल्याकडचा एक मुलगा आठवला. ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी त्याची हकिकत दिली. पर्सी नावाचा हा मुलगा चौदा वर्षांचा, चलाख, खेळात पुढे आणि गणितात तरबेज होता. सात वर्षे शिकवूनही त्याला साधी वाक्ये वाचता येत नव्हती. स्वतःच्या नावातली अक्षरेही तो उलटसुलट लिही. शिकवणे सगळे तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले आहे. या मुलाच्या डोक्याला इजा झालेली नव्हती. तेव्हा ही अडचण जन्मजात असू शकते, असा निष्कर्ष मॉर्गन यांनी काढला. त्याच वर्षी ब्रॅडफर्डच्या शाळांचे वैद्यकीय अधिकारी जेम्स कर यांनीही अशा मुलांचा उल्लेख केला होता, पण त्यांचे नाव मागे पडले. दोघांना ही मुले एकाच सुमारास दिसावीत यात नवल नाही. १८६२ पासून पुढची काही दशके इंग्लंडात शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर ठरत असे आणि १८८० मध्ये शिक्षण सक्तीचे झाले होते. न वाचणारे प्रत्येक मूल आता शाळेच्या नजरेत भरू लागले होते.

हिन्शेलवुड यांनी पुढची वीस वर्षे अशा मुलांच्या हकिकती गोळा केल्या आणि १९१७ मध्ये जन्मजात शब्दांधत्वावर पुस्तक लिहिले. त्यातल्या दोन गोष्टी आजही टिकून आहेत. एक, ही अडचण एकाच घरात अनेकांना असू शकते. दुसरी, अशा मुलाला वर्गापासून बाजूला घेऊन, एकट्याला, रोज थोडे थोडे आणि चिकाटीने शिकवले तर ते वाचू लागते. चुकले ते एका बाबतीत : शब्दांच्या चित्रांचा साठा मेंदूच्या एका कोपऱ्यात असतो आणि तोच या मुलांत कमकुवत असतो, असे त्यांनी मानले. नेत्रतज्ज्ञाने प्रश्न हाती घेतला म्हणून तो डोळ्यांचा ठरला. त्याची सावली अजून सरलेली नाही. अक्षरे उलटी दिसणे म्हणजेच डिस्लेक्सिया, असे आजही कितीतरी जण समजतात.

अमेरिकेत हा प्रश्न पुढे आला तो फिरत्या दवाखान्यातून. सॅम्युएल ऑर्टन हे आयोवा राज्याच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. १९२५ मध्ये त्यांनी ग्रीन काउंटीत तात्पुरता दवाखाना लावला आणि शिक्षकांना मागे पडणारी मुले पाठवायला सांगितले. त्यांत वाचता न येणारा सोळा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्याशी बोलल्यावर तो मंदबुद्धी नाही हे ऑर्टन यांच्या ध्यानात आले. मेंदूच्या दोन अर्धांपैकी एकाचे वर्चस्व नीट न ठरल्याने अक्षरांच्या आरशातल्या प्रतिमा गोंधळ घालतात, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. तो पुढे टिकला नाही. टिकले ते त्यांचे शिकवण्याचे सूत्र : अक्षर पाहा, त्याचा आवाज म्हणा, ते गिरवा, आणि हे सगळे एकाच वेळी करा. न्यूयॉर्कमधल्या ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन या दोघींनी १९३० च्या दशकात या सूत्राची पायरीपायरीने जाणारी शिक्षकांसाठीची पुस्तिका तयार केली. ऑर्टन-गिलिंगहॅम नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत आजही वाळूच्या किंवा मिठाच्या ताटात बोटाने अक्षर गिरवून घेतात.

त्याच सुमारास स्पर्शाने शिकण्याची रीत तिसऱ्या वाटेने महाराष्ट्रात येत होती. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या एद्वार सेगॅं यांनी मतिमंद मुलांसाठी साधने केली होती. मारिया मॉन्टेसरी यांनी ती अभ्यासली आणि १९०७ मध्ये रोमच्या बालगृहात साध्या गरीब मुलांच्या हाती खरकागदाची अक्षरे दिली. हीच रीत इथे रुजवण्यासाठी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. परदेशी साधने परवडणार नाहीत, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या वस्तूंतून शिकवणे उभे केले. वाचनदोषाचा विचार त्यामागे नव्हता, पण मुलाचा हात आणि कान शिकण्यात आणण्याची सवय बालवाडीत रुजली. पहिलीच्या वर्गात पाऊल टाकताच मात्र ती संपे आणि फळा-खडूचे राज्य सुरू होई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिस्लेक्सिया दवाखान्यातून बाहेर पडला. १९६३ मध्ये शिकागोत पालकांच्या सभेत सॅम्युएल कर्क यांनी ‘अध्ययन अक्षमता’ हे व्यापक नाव पुढे केले, आणि पालक त्या नावाखाली संघटित झाले. १९६८ मध्ये जागतिक मज्जाविज्ञान महासंघाने व्याख्या केली : नेहमीचे शिक्षण, पुरेशी बुद्धी आणि सामाजिक संधी असूनही वाचायला शिकण्यात येणारी अडचण. ब्रिटनच्या १९७० च्या अपंगविषयक कायद्यात ‘तीव्र डिस्लेक्सिया’ हा शब्द आला. व्याख्येत ‘पुरेशी बुद्धी’ आल्यामुळे मात्र पेच झाला. बुद्ध्यंक आणि वाचन यांत मोठी तफावत पडेपर्यंत मदत मिळेना. म्हणजे मूल पुरेसे नापास होईपर्यंत थांबा, असाच त्याचा अर्थ निघू लागला. ही अट पुढे संशोधकांनीच मोडीत काढली.

मोठे वळण १९७० च्या दशकात आले. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये लहान मुलांशी टकटक करण्याचा खेळ खेळला. शब्दातल्या प्रत्येक अवयवासाठी, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यासाठी, एकदा टेबल वाजवायचे, आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक सुट्या ध्वनीसाठी. चार वर्षांच्या जवळपास निम्म्या मुलांना अवयव मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही जमले नाहीत. सहाव्या वर्षी बहुतेकांना ते जमू लागते, आणि ज्यांना जमत नाही ती वाचनात अडतात. १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी सुमारे चारशे मुलांचा माग ठेवून केलेला अभ्यास मांडला. यमके आणि सारखे ध्वनी ओळखण्यात कच्ची असलेली मुले पुढे वाचनातही मागे राहिली, आणि ध्वनींचे खेळ अक्षरांशी जोडून शिकवले तर त्यांची वाट सोपी झाली. शंभर वर्षे डोळ्यांत शोधलेले कारण मुख्यतः कानांमागे, मेंदू बोललेले ध्वनी कसे सुटे करतो त्यात, सापडले. २००१ मध्ये पाउलेझू आणि सहकाऱ्यांनी इंग्लिश, फ्रेंच आणि इटालियन वाचकांची तुलना केली. इटालियन लिपी सरळ असल्याने तिथले डिस्लेक्सिक वाचक चुका कमी करत, पण वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचा तोच भाग तिघांतही मंद होता. आपल्यासाठी यातला बोध मोठा आहे. मराठीही जवळपास जशी बोलावी तशी लिहिली जाते. म्हणून मराठी मूल अंदाजाने चुकत-चुकत वाचण्याऐवजी नुसतेच फार सावकाश, अडखळत, थकून वाचत असेल, आणि ते आळशी आहे असा समज होत असेल.

महाराष्ट्रात या इतिहासाची खूण १९९६ या वर्षावर आहे. त्या वर्षी राज्य सरकारने अध्ययन अक्षम मुलांना परीक्षेत सवलती मान्य केल्या आणि मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिका रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्रे मिळू लागली. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखादी भाषा सोडून कार्यानुभव घेण्याची मुभा अशा सवलतींमुळे कितीतरी मुले दहावीच्या पलीकडे गेली. २१ डिसेंबर २००७ रोजी, अमोल गुप्ते यांनी लिहिलेला ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हे नाव चाळीत, वाड्यात, एसटीत पोचले. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीतून मुले तपासण्यासाठी ‘डाली’ हा संच दिला; तोवर मराठी शाळेतल्या मुलाची परीक्षा बऱ्याचदा परक्या भाषेच्या मापाने होई. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस दिव्यांगतांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला, आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान आठ वर्षांची वयोमर्यादा घातली.

ही मर्यादा समजून घेतली की आजी-आजोबांची जागा कुठे आहे ते कळते. आठ वर्षांचे मूल तिसरीत पोचते. त्याआधीची तीन-चार वर्षे कागदोपत्री रिकामी असतात. आई-वडील कामावर आणि मूल आजी-आजोबांजवळ, अशी घरे आज पुष्कळ आहेत. ‘अजून लहान आहे, येईल हळूहळू’ म्हणत ही वर्षे जाऊ नयेत. बोलायला उशीर झालेला असणे, बडबडगीतातले यमक न जुळणे, ‘कमळ’मधला पहिला आवाज कोणता ते न सांगता येणे, वारांची नावे क्रमाने न राहणे, या बालवाडीतल्या खुणा. पहिली-दुसरीत ध आणि घ, भ आणि म यांची गफलत राहते, काना-मात्रा गळतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची याचा मेळ बसत नाही, ‘प्र’, ‘र्क’, ‘ट्र’ यांत एकच र तीन वेषांत येतो आणि मूल तिथेच थबकते. याच मुलाला ऐकलेली गोष्ट तपशिलासकट सांगता येते, हा फरक सर्वांत बोलका. मात्र घाईही नको. कन्नड शाळांत सोनाली नाग यांनी २००७ मध्ये दाखवले, की आपल्या लिपींतली सगळी अक्षरे पक्की व्हायला साधारण मुलांनाही तिसरी-चौथी उजाडते. पाच वर्षांच्या मुलाने अक्षर आरशातल्यासारखे काढणेही नेहमीचेच. एखादी खूण काही सांगत नाही. अनेक खुणा सहा-आठ महिने टिकल्या, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत आणि मग बाल मानसतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षकाकडे जावे. रंगीत चष्मे आणि डोळ्यांच्या कसरती यांनी वाचन सुधारल्याचा भक्कम पुरावा नाही. त्यांवर पैसे घालवू नयेत.

आणि प्रमाणपत्राची वाट न पाहता घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. भेंड्या खेळताना मूल शब्दाचा शेवटचा आवाज सुटा करते. लिबरमन यांच्या टेबलावर चालले होते तेच हे काम. ‘मासा’ला दोन टाळ्या, ‘कमळ’ला तीन, हा खेळ स्वयंपाकघरातही होतो. रव्याच्या ताटात एका वेळी एकच अक्षर, आवाज म्हणत, गिरवून घ्यावे. चुकलेला शब्द शंभरदा लिहायला लावू नये, कारण शंभरदा गिरवलेली चूक पक्की होते. एक ओळ आपण वाचावी, एक त्याने. तो अडला की तीन-चार क्षण थांबून शब्द सांगावा आणि पुढे जावे. पंधरा मिनिटे रोज, रविवारच्या दोन तासांपेक्षा बरी. त्याच्या वयाची पुस्तके त्याला वाचून दाखवणे तर कधीच थांबवू नये, नाहीतर वाचन झेपत नाही म्हणून डोकेही उपाशी राहते. भावंडांशी तुलना करू नये, आणि पोहणे, चित्र, तबला जे जमते ते अभ्यासाच्या नावाखाली काढून घेऊ नये.

यापुढची गोष्ट आजी-आजोबांवाचून कुणीच करू शकत नाही. बर्टिल हॅलग्रेन यांनी १९५० मध्ये स्वीडनमधल्या २७६ जणांच्या घराण्यांचा धांडोळा घेतला, तेव्हापासून आनुवंशिकतेचा पुरावा वाढतच गेला. आई किंवा वडिलांना ही अडचण असेल, तर मुलाला ती असण्याची शक्यता चाळीस ते पन्नास टक्के असते. २०२२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक डिस्लेक्सिक प्रौढांच्या अभ्यासात जनुकसंचावरच्या ४२ जागांचा संबंध आढळला. म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारतात : घरात आणखी कुणाला शिकताना त्रास होता का? आई-वडील बहुधा ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांना ठाऊक नसते. चौथीत दोनदा बसून पुढे उत्तम गॅरेज चालवणारा काका, पत्र लिहायची वेळ आली की दुसऱ्याच्या हाती पेन देणारी आत्या, किंवा वर्गात उभे राहून वाचायच्या धास्तीने शाळा सोडलेले आपण स्वतः, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच माहीत असते. ‘ढ’ या एका अक्षराखाली ते पन्नास-साठ वर्षे झाकलेले राहिले. डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. सांगताना नातू खोलीत असेल, तर त्याला बाहेर पाठवू नये. आपल्यासारखाच घरात आणखी कुणी होता आणि त्याचे नीट चालले, हे त्यालाही कळायला हवे.